वाट बघण्याचा तुकडा

अ‍ॅस्टोरिया,
९ ऑक्टोबर २०१२

प्रिय डेनिस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षरं मोठी छापून पाठवलीस ते बरं केलंस, भिंग लागलं नाही. भिंग तसंही सापडत नाहीये. पावाच्या डब्यावर ठेवलेलं मला पक्कं आठवतं, आणि आता तिथे नाही. अशा गोष्टींनी जीव घाबरा होतो.

फोन का उचलत नाही असं विचारलंयस. उचलतो रे. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि न ऐकलेल्या निम्म्याची नंतर आठवडाभर काळजी लागते. त्यापेक्षा पत्र बरं, पुन्हा वाचता येतं. मी आठवी सोडून वडिलांच्या बोटीवर चढलो, त्यामुळे लिहिताना कुठे थांबावं ते कळत नाही. तेवढं चालवून घे.

इकडे मी बरा आहे. गुडघा आहे तसाच. छपराची पन्हळ सौनाच्या वाफखोलीच्या बाजूला गळते आणि ते पाणी भिंतीत मुरतंय अशी मला शंका आहे. शेजारचा एन्सिओ म्हणाला, मी शिडीवर चढून बघतो. तो माझ्याहून मोठा. मी म्हटलं, "तू पडलास तर तुझ्या बायकोला काय सांगू?" तर म्हणतो, "सांग, शेवटी एकदाचा घरकाम करताना गेला. तिला धक्का बसेल, पण आनंदही होईल." शिडी मी लपवून ठेवली आहे.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. तुमचा तो जुना कॉम्प्युटरवरचा खेळ, 'धुक्यातला धक्का', एका नव्या कंपनीतली तीन पोरं पुन्हा बाजारात आणणार, आणि त्यासाठी त्याचं इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, नव्यानं लिहायला त्यांनी तुलाच गाठलं, हे वाचून बरं वाटलं. एन्सिओला सांगितलं. त्याला वाटत होतं की आपल्या बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात तेव्हा सिनेमा काढत होते. मी त्याला म्हटलं, सिनेमा नव्हे. सिनेमातली माणसं आपल्याकडे बघत नाहीत. यात खरीखुरी माणसं कॅमेऱ्यापुढे उभी केली, त्यांचे छोटे छोटे तुकडे सीडीवर भरले. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात जायचं, तिथल्या बाईला काय विचारायचं ते आपण निवडायचं, की ती त्याचं उत्तर देते.

"ती बाई म्हणजे आपली सिल्वी? डेनिसची आई?"

"सिल्वीच."

"आणि आपण काही विचारलंच नाही तर?"

"तर ती वाट बघत राहते."

एन्सिओ म्हणाला, "मग माझ्या बायकोला यात काम मिळणं कठीण. तिनं कुणाच्या प्रश्नाची वाट पाहिल्याचं मला आठवत नाही."

तू लिहिलंयस की आजची मशीनं वेगवान आहेत, त्यामुळे ते वाट बघण्याचे तुकडे आता लागत नाहीत, ते काढून त्या जागी आईचं एक स्वच्छ, समोर बघणारं चित्र टाकणार. तुझं काम तुला कळतं. मी त्यात काय सांगणार? फक्त मनात आलं ते लिहितो. ज्यांनी तो खेळ तेव्हा खेळला ते लोक आता तो पुन्हा घेणार असतील, तर त्यांना ती तशीच हवी असेल, नाही का? ते तिला 'डावीकडे बघणारी बाई' म्हणतात, तूच मागे सांगितलं होतंस. डावीकडे बघणारी बाई समोर बघायला लागली तर ते चिडतील. उगाच तुझ्या कामाला बोल लागायचा. एवढंच. बाकी माझं काही म्हणणं नाही.

रात्री गाडी चालवू नकोस. तिकडे थंडी नसली तरी कोट जवळ असू दे.

तुझा,
बाबा

ता. क. भिंग सापडलं. पावाच्या डब्यात होतं.


अ‍ॅस्टोरिया,
२४ ऑक्टोबर २०१२

प्रिय डेनिस,

आशीर्वाद. तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आधी वाटलं काहीतरी वाईट बातमी असणार, म्हणून पाकीट दुपारपर्यंत फोडलंच नाही. मग कॉफी करून बसलो आणि वाचलं.

तू लिहितोस, लोक चिडणार नाहीत, उलट लोक हसायचे म्हणूनच ते काढायचं आहे. त्या वेळच्या मासिकात आलेलं वाक्य तुला अजून पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं. 'दुकानातली बाई बाहेर पडायचं दार शोधताना दिसते.' तू म्हणतोस, ज्या बाईला कधी अभिनय करायचा नव्हता तिला आपण कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि जगभर तिचं हसं झालं. निदान आता तरी तिला नीट दिसू दे.

तू हे इतकी वर्षं मनात ठेवून आहेस, आणि मला वाटत होतं तुला इकडे यायला कामातून सवड होत नाही.

मला भांडायचं नाही. पण तुझी आठवण एकीकडची आहे, माझी दुसरीकडची, म्हणून माझी सांगतो.

ते वाट बघण्याचे तुकडे कसे निघाले ते तुला आठवतं का? तू आमच्या स्वयंपाकघरात होतास. त्या आधी बरेच दिवस तू 'इंजिन, इंजिन' करत होतास. मला वाटायचं इंजिन म्हणजे डिझेलचं, त्यात मला थोडंफार कळतं, पोराला मदत करू. मग तू टेबलावर कप मांडलेस. हा एक तुकडा, हा दुसरा, हा तिसरा. तबकडी खाली फिरते आणि वाचणारा डोळा या कपावरून त्या कपावर उडी मारतो. त्या उडीला वेळ लागतो, तेवढा वेळ पडदा काळा पडतो, आणि माणसाला वाटतं मशीन बंद पडलं. तू म्हणालास, "बाबा, हा काळोख कसा झाकू तेच सुचत नाही."

मी काय सांगणार! आई चुलीपाशी वेलदोड्याचा पाव काढत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "पाहुणे आले आणि कॉफी तयार नसली तर बाई काय करते? टेबलावरचं कापड सारखं करते, खिडकीतून बघते, काहीतरी करत राहते. पाहुण्याला कळतसुद्धा नाही की अजून पाणी उकळलेलं नाही."

तू एकदम उठलास आणि तिच्या गालाचा मुका घेतलास, तिच्या हातातला पाव पडता पडता राहिला. मग तसंच केलंस. बाई नुसती थांबली आहे एवढाच छोटा तुकडा मशीनच्या पोटात आधीच भरून ठेवायचा. ती काउंटरवरचं कापड सारखं करते तेवढ्यात तबकडी खाली पुढचा तुकडा शोधते. तुझं इंजिन तिच्या त्या थांबण्यावर चालत होतं, असं माझ्या अडाणी डोक्याला वाटतं. चुकत असेन तर सोडून दे.

आणि तिला आपण कुठे बसवलं? पोर्टलंडहून नटी आणली होती, ती मासळीच्या वासानं ओकारी येते म्हणून दुपारीच परत गेली. तुमची दिग्दर्शिका कॉनी डोक्याला हात लावून खोक्यावर बसली होती, तेवढ्यात आई पावाची टोपली घेऊन आत आली. कॉनी म्हणाली, "हीच. दुकानाची मालकीण हीच." आई म्हणाली, "मी पाव द्यायला आले आहे." कॉनी म्हणाली, "तेच तर काम आहे." तू मध्ये पडलास, आईला त्रास देऊ नका म्हणालास, उगाच कशाला खोटं बोलू. तू 'आई, प्लीज' म्हणालास ते नंतर.

आणखी एक. तिच्या डाव्या हाताची ती भिंत मी बांधलेली. हात बोटीवरच्या जाळं ओढायच्या चरख्यात सापडल्यावर माझं मासे पकडणं सुटलं, मग तुमच्याकडे सुतारकामाला लागलो. त्या भिंतीत एक दार आहे. मागे काही नाही, नुसती फळी, कडी रंगवलेली. लोकांनी तुम्हाला पत्रं लिहिली होती की बाई सारखी तिकडे बघते म्हणजे दारामागे काहीतरी दडवलं आहे, ते उघडतं कसं? ती बघायची थांबली तर त्या दाराकडे कोण बघणार? माझं काम वाया जाईल. झालं, लिहून टाकलं. हेच कारण समज.

इकडे तुमचा खेळ चालतो ते जुनं मशीन जरा कुरकुरतंय. मी ते कधी कधी लावतो. सप्टेंबरपासून सीडी आत घेतं, कुर्र कुर्र करतं आणि गप्प बसतं. कोण दुरुस्त करणार आता? एन्सिओ म्हणतो, "वरून एक थाप मार." मारली. काही उपयोग झाला नाही. तू काळजी करू नकोस, मला त्याची तशी काही गरज नाही.

पन्हळ अजून गळते.

तुझा,
बाबा


अ‍ॅस्टोरिया,
६ नोव्हेंबर २०१२

प्रिय डेनिस,

आशीर्वाद. 'बाबा, दाराचं कारण खरं वाटत नाही. खरं काय ते लिहा, मला या महिनाअखेर सगळं बंद करून त्या पोरांच्या हवाली करायचं आहे, त्यानंतर काही बदलता येणार नाही.' तुझ्या पत्रात एवढंच होतं, पण मी ते किती वेळा वाचलं सांगत नाही.

हे पत्र मी दोनदा लिहून सौनाच्या चुलीत घातलं. हे तिसरं. जसं येईल तसं लिहितो.

ती दार शोधत नव्हती.

त्या दिवशी तिची बोलण्याची कामं संपली होती आणि ती खुशीत होती. तुम्हाला तुकडा जिथून सुरू होतो तिथेच संपलेला लागायचा, नाहीतर जोड दिसायचा. हात काउंटरवर, हनुवटी सरळ. त्या जागेला तुम्ही 'घर' म्हणायचात. आईचे हात सारखे इकडे तिकडे जायचे आणि कॉनी ओरडायची, "सिल्वी, घरी ये! घरी!" आई म्हणाली, "मी केव्हाचीच घरी आहे. घरी न येणारा तो तिथे उभा आहे," आणि माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले. तू यंत्राच्या मागे होतास, तूही हसलास. मी डाव्या बाजूला फळी धरून उभा होतो, दिव्याची तिरीप काउंटरवर पडू नये म्हणून.

मग कॉनी म्हणाली, "आता फक्त वाट बघ."

"कुणाची?"

"खेळणाऱ्याची. तो काय विचारतोय त्याची."

"त्याला मी ओळखत नाही. अनोळखी माणसाची वाट कशी बघायची?"

कॉनी दमली होती. म्हणाली, "बाई गं, मग ओळखीच्या माणसाची बघ. पण बघ एकदाची."

आईनं हात काउंटरवर ठेवले. मग अंगठ्यानं कापडाची कड हळूहळू सारखी करत गेली, होती सारखीच तरी. मान थोडी कलती केली, दुरून येणाऱ्या बोटीचा आवाज ऐकताना करतात तशी. आणि मग डावीकडे बघितलं.

आपल्या स्वयंपाकघरात खिडकी चुलीच्या डाव्या हाताला आहे, हे तुला सांगायला नको. तिच्यातून नदी दिसते.

डेनिस, मी ते त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. तू पाहिलं असशील. तू लहानपणी त्याच टेबलाशी बसून अभ्यास करायचास. नदीच्या तोंडाशी लाटा उठल्या आणि बोटी अडकल्या की ती तिथे उभी राहत असणार. मी कुठून पाहणार? मी दार उघडलं की ते संपलेलं असायचं. ती चुलीकडे वळलेली असायची आणि म्हणायची, "बूट बाहेर काढ." मला वाटायचं, ही दिवसभर हेच करते. चुलीशी असते आणि बुटांवरून बोलते. ज्याची वाट बघतात त्यालाच ते बघणं कधी दिसत नाही, ही काय तऱ्हा आहे? सगळं आयुष्य कुणीतरी माझ्यासाठी असं उभं होतं आणि मला ते कळलं कुठे, तर माशांच्या वासाच्या कारखान्यात, हातात फळी धरून, म्हातारपणी.

म्हणून तो तुकडा.

सकाळची कॉफी घेतली की मी जुनं मशीन लावतो. धुकं, धक्का, दुकानाचं दार. ते मला येतं आता. दुकानात गेलं की खाली प्रश्न येतात, बोटीबद्दल विचारा, दीपगृहाबद्दल विचारा. मी काही विचारत नाही. विचारलं की ती सांगते, 'बोट कालच यायला हवी होती,' आणि पाव पुढे करते, आणि मग गोष्ट दुकानाबाहेर जाते. मला बाहेर कुठे जायचंय? मी नुसता बसतो. ती कापड सारखं करते, कान देते, डावीकडे बघते, आणि घरी येते. पुन्हा कापड. चित्र चिमुकलं आहे, दाणेदार आहे, जवळ गेलं तर नुसते ठिपके. मी लांबूनच बघतो. एन्सिओ खिडकीतून ओरडतो, "काय म्हणते सिल्वी?" मी म्हणतो, "बूट बाहेर काढ म्हणते." तो बूट काढून आत येतो आणि शेजारी बसतो. कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो त्याला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

सप्टेंबरपासून ती दिसलेली नाही. तू तिला काढून टाकलंस तर मग कुठेच दिसणार नाही.

त्या मासिकाचं म्हणशील तर ते वाक्य तिनं कात्रीनं कापून फ्रिजवर लावलं होतं. येईल त्याला दाखवायची. म्हणायची, "माणूस हुशार आहे. मला खरंच दार हवं होतं, पाय भरून आले होते." तुला हे माहीत नाही, कारण तेव्हा तुझी कंपनी बुडत होती आणि तू घरी येत नव्हतास. तिला हसं झाल्यासारखं वाटलं नाही रे. शेजारच्या बायकांपुढे ती महिनाभर नटीसारखी चालायची. तू हे ओझं उतरवून ठेव. तुझं नव्हतंच ते.

एवढ्यावर थांबायला हवं. पण तू खरं लिहा म्हणालास, तर अजून एक आहे.

तो तुकडा जिथे कापलाय, तिथे तिचं डावीकडे बघणं नुकतंच पुरं झालेलं असतं. पुढे तिचा चेहरा बदलला आणि जोड जमेना, म्हणून तू तिथून तिला घरी आणलंस. म्हणजे खेळात ती बघते, पण तिला कुणी दिसत नाही. पुन्हा बघते, पुन्हा कुणी नाही. पण मूळ फितीवर पुढचं असणार. कॅमेरा चालू होता. तिनं डावीकडे बघितलं तिथे मी होतो. मग तिनं काय केलं?

मला वाटतं ती हसली. सगळी वर्षं मी ती हसली असं धरून चाललो आहे. पण खरं सांगायचं तर मी पाहिलं नाही. तिची नजर आली आणि मला इतकं कसंतरी झालं की मी फळीकडे बघितलं. फळी नीट धरली आहे की नाही ते बघितलं! वर बघेपर्यंत कॉनी 'कट' म्हणाली होती आणि आई चष्मा शोधत होती.

पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की मूळ फिती सापडल्या आहेत. मी मागत नाही. त्यावर काय असेल याची मला धास्ती आहे. बोटीची वाट बघताना माणसाच्या मनात नुसती माया नसते, रागही असतो, तो मला आता कळतो. ती हसली नसेल, नुसती थकलेली असेल, तर? या वयात ते घेऊन मी काय करू?

तरी तू बघ. आणि तो तुकडा काढू नकोस. पहिली दोन्ही पत्रं रद्द समज, फक्त हे ठेव.

तुझा,
बाबा


अ‍ॅस्टोरिया,
१९ नोव्हेंबर २०१२

प्रिय डेनिस,

पत्र पोचलं. एन्सिओनं मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण पाकीट मी त्याच्याच हातात दिलं. मग तो नाक शिंकरत म्हणाला, "पोराला अक्षरं अजून मोठी छापायला सांग, मला दिसत नाहीत." चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

'तुकडा जसा आहे तसा राहील. त्या पोरांना सांगितलं आहे, नव्या इंजिनातही ती थांबेल, कुणी घाई केली तरी आधी डावीकडे बघेल, मग उत्तर देईल.' हे वाचून मी उठून सौनाची चूल पेटवली, काही कारण नसताना. काहीतरी करायला हवं होतं.

आणि पुढची ओळ. 'फीत पाहिली, बाबा. घेऊन येतो. गुरुवारी निघतो, शनिवारी दुपारी पोचेन.' बस्स, एवढंच. काय पाहिलंस ते लिहिलं नाहीस. आधी मला राग आला. मग वाटलं, चांगलं असतं तर लिहिलं असतंस. मग वाटलं, वाईट असतं तर एवढ्या लांब कशाला आला असतास? एन्सिओची बायको म्हणाली, "अहो, येतोय तो! त्याचं तुम्हाला काहीच नाही का?" बाई बोलली ते खरं. आईच्या अंत्यविधीनंतर तू या घरात राहिलेला नाहीस. एकदा आलास तो कॉफी पिऊन उभ्या उभ्या गेलास. मी फितीचा विचार करत होतो आणि तू येतोयस हे नीट वाचलंच नव्हतं. मग मी तुझ्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. गादी उन्हात टाकायला ऊन नाही, चुलीपाशी ठेवली आहे.

न सांगितलंस ते बरंच केलंस. पत्रात नको. आपण दोघं शेजारी बसून बघू. माझा हात कुठल्या क्षणी धरायचा ते तुला कळेलच.

आता काळजीच्या गोष्टी. डोंगराच्या रस्त्यावर मागच्या आठवड्यात दरड आली होती, किनाऱ्याच्या रस्त्यानं ये. टायर बघून घे. वाटेत झोप आली तर थांब, आमच्यासाठी धावतपळत येऊ नकोस. आमच्यासाठी म्हणालो. असो. मी पाव करायचा प्रयत्न केला, वेलदोडे जास्त पडले, दुसरा करतो आहे. माशाचं सूप एन्सिओची बायको आणून देणार. पन्हळीकडे लक्ष देऊ नकोस. दिलंस तरी शिडीवर चढू नकोस.

पत्र आल्यापासून माझं एक भलतंच सुरू झालंय. दुपारी चुलीशी उभा राहतो, टेबलावरचं कापड सारखं करतो आणि मान आपोआप वळते. शनिवारला अजून अवकाश आहे हे माहीत असतं, तरी खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला की वळते. एन्सिओ काल बघत उभा होता, म्हणाला, "आता तूही डावीकडे बघायला लागलास." मी म्हटलं, "मी नदी बघतोय." तो म्हणाला, "नदी काय पळून चालली आहे?"

हे मी आधी कधी केलं नव्हतं. मी नेहमी येणारा होतो. हे अवघड आहे रे. तिनं ते कसं केलं कोण जाणे, आणि वर कॉफी तयार ठेवायची.

म्हणून एक मागणं आहे. म्हाताऱ्याचा वेडेपणा समज, पण ऐक. शनिवारी गाडी घराशी आणू नकोस. हॉर्न तर मुळीच वाजवू नकोस. खाली कोपऱ्यावर लाव आणि पायी चढून ये. पायऱ्या शेवाळल्या आहेत, कठडा धर. कुंपणापाशी आलास की आत यायच्या आधी थोडा थांब आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघ. मला दिसणार नाही असा उभा राहा. आपली वाट बघणारं माणूस कसं दिसतं ते मला सगळ्या जन्मात एकदाच दिसलं, तेही तुझ्यामुळे. तुला तुझं दिसू दे. पोटभर बघ. मी हसतो की नाही ते मात्र दार उघडल्यावर बघ.

मग आत ये. बूट बाहेर काढ.

खिडकीपाशी,
तुझा बाबा